आधी वारा, मग सायकल

घरात सायकलच्या सरावाची जागा करायची म्हटली की पहिला प्रश्न येतो तो ‘ट्रेनर कोणता घेऊ?’ हा. माझ्या मते पहिला प्रश्न ‘खिडकी कुठे आहे?’ असा असायला हवा. ठाणे, डोंबिवली, वसई, पनवेल, अलिबाग, पणजी, समुद्राच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही मी हेच सांगते. सायकल एका जागी धरून चालवू देणारा हा ट्रेनर पुढेमागे बदलता येतो, खिडकी जिथे आहे तिथेच राहते.

*

या विषयावर जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं असतं. तिकडे रस्त्यावर बर्फ, दुपारी चारला अंधार, म्हणून लोक सायकल गॅरेजात किंवा तळघरात नेतात, आणि ती जागा मुळातच गार असते. आपण घरात शिरतो ते पावसाने, खड्ड्यांनी आणि ट्रकांनी हाकललं म्हणून. आपलं घर जुलैत बाहेरपेक्षा गार नसतं, उलट दमट असतं. त्यामुळे ‘एक छोटा पंखा जवळ असू द्या’ हा तिकडचा सल्ला कोकणपट्टीत पुरत नाही. इथे पंखा हीच मुख्य खरेदी, बाकीचं सगळं त्याच्या मागून.

*

हे नुसतं मत नाही, त्यामागे हिशेब आहे. तो मांडून ठेवते.

सराव असलेल्या माणसाला पेडलवर १५० वॉटचा जोर तासभर लावता येतो. सायकल चालवताना शरीराची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते. म्हणजे पेडलवर १५० वॉट पोचवायला शरीर ६०० ते ७५० वॉट खर्च करतं आणि त्यातले साडेचारशे ते सहाशे उष्णता होऊन बाहेर पडतात. खोलीत अर्ध्या किलोवॉटचा हीटर तासभर चालू आहे, आणि तो हीटर म्हणजे आपण.

ही उष्णता घालवण्याचा शरीराकडचा मुख्य उपाय घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. अर्धा किलोवॉट तासभर म्हणजे १८०० किलोज्यूल. तेव्हा तासाला पाऊण लिटर घाम वाळला पाहिजे. नुसता येऊन उपयोग नाही, वाळला पाहिजे. हनुवटीवरून फरशीवर पडलेल्या थेंबाने अंगातली उष्णता नेलेली नसते. खाली थारोळं साचलं की लोकांना व्यायाम जोरदार झाला असं वाटतं. मला त्यात वारा कमी पडल्याची खूण दिसते.

आता खोली घ्या. दहा बाय दहाची, उंची दहा फुटांच्या आत-बाहेर. तिच्यात साधारण २८ घनमीटर हवा. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सबंध खोलीत साडेसातशे ग्रॅम. आपला तासाभराचा घामही तेवढाच. जुलैत आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्या खोलीने साडेसहाशे ग्रॅम पाणी आधीच पोटात घेतलेलं असतं. आपल्यासाठी शिल्लक शंभर-सव्वाशे ग्रॅम, जी दहा मिनिटांत संपते. प्रत्यक्षात खोली तापते, दाराच्या फटींतून हवा थोडी बदलते, म्हणून दहाची पंधरा-वीस मिनिटं होतील. पण दार-खिडकी लावून घेतली तर उरलेला वेळ पंखा आपलीच वाफ आपल्या अंगावर परत मारत असतो.

*

म्हणून मांडणी अशी : पेडेस्टल पंख्याची पाठ उघड्या खिडकीकडे, तोंड आपल्या छातीकडे, आणि आपल्या पाठीमागचं दार उघडं. पंखा बाहेरची हवा ओढतो, ती अंगावरून जाते आणि दारातून निघून जाते. मागे टॉयलेट-बाथरूम असेल तर तिथला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा, त्याची ओढ चांगली लागते.

हल्लीच्या इमारतींतल्या स्लायडिंगच्या खिडक्या अर्ध्याच उघडतात. कागदावर चार फुटांची खिडकी असते, हवेला मिळतात दोन फूट. पंखा नेमका त्या उघड्या अर्ध्यासमोर हवा. पडदा काढून टाकावा, किंवा निदान वर खोचून ठेवावा.

*

छताच्या पंख्याने काम भागत नाही. सायकलवर आपण पुढे वाकलेलो असतो, छताचा वारा पाठीवर पडतो, आणि छाती, मान, चेहरा वाऱ्यावाचून राहतात. रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने जाताना सेकंदाला सात मीटर वारा समोरून आपोआप मिळतो. चढावर तो कमी होतो, आणि ठाण्याच्या येऊरच्या चढाला अंग का निथळतं याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. घरात तर वेग शून्यच. तो वारा विकतच आणावा लागतो.

एका पंख्यात भागलं नाही तर दुसरा भिंतीवरचा घ्यावा. जागा अडत नाही, आणि पंख्याच्या पायात वायर, वायरीत सायकल असा गुंता होत नाही. पंख्याचं बटण सायकलवरून हाताला येईल असं हवं. सुरुवातीची पाच-सात मिनिटं अंग गरम होईपर्यंत वारा नको असतो, नंतर एकदम हवा असतो, आणि त्यासाठी खाली उतरलं की लय मोडते.

*

एसीबद्दल. एसी हवेतलं पाणी काढून नळीने बाहेर टाकतो, म्हणून वरचा हिशेबच बदलतो. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता उपसू शकतो, त्याला आपला अर्धा किलोवॉट जड नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी २४-२५ वर लावावा, खिडकी बंद करावी आणि पंखा तरीही चालू ठेवावा. गार हवा अंगावरून वाहिली नाही तर घाम वाळायला वेळ लागतोच.

ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी त्यासाठी थांबू नये. पहाटेची खिडकी पुष्कळ काम करते.

*

वारा कमी पडल्याचं शरीर कसं सांगतं? पेडलवर तेवढाच जोर, तरी हृदयाचे ठोके चढत जातात. सुरुवातीला मिनिटाला १३५ असलेले ठोके चाळीस मिनिटांनी १५० होतात, पायांनी मात्र काहीच जास्त केलेलं नसतं. रक्ताला दोन कामं लागलेली असतात : स्नायूंना प्राणवायू पोचवायचा आणि कातडीपाशी उष्णता आणून सोडायची. त्यात घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, प्रत्येक ठोक्यामागे कमी रक्त पुढे जातं, मग ठोके वाढतात. दमल्यासारखं वाटतं, आणि माणूस ‘माझा स्टॅमिना गेला’ म्हणून खचतो. स्टॅमिना असतो तिथेच असतो, पंखा जवळ घ्यायला हवा.

उष्णतेत केलेल्या सरावाचा फायदाही आहे. आठवडा-दोन आठवडे रोज असा सराव केला की रक्तातला द्रव वाढतो आणि घाम लवकर यायला लागतो. काही खेळाडू मुद्दाम तसं करतात. पण ते एका शर्यतीपुरतं, मोजून-मापून, आणि शक्यतो कोणाच्या देखरेखीखाली. रोजचा सराव भट्टीत करू नये.

*

जागा किती लागते? सायकलची लांबी साडेपाच-पावणेसहा फूट. चढायला-उतरायला डाव्या बाजूला हात-दीड हात मोकळं, पुढे पंख्यासाठी दोन फूट. एक सिंगल दिवाण काढला तर जेवढी जागा होते तेवढीत सायकल बसते. आमच्या मागच्या खोलीत तसंच झालं. दिवाण गावच्या घरी गेला, पाहुण्यांना आता गादी खाली घालतो. सासूबाईंनीच ते सुचवलं. त्या म्हणाल्या, “रोज वापरायची गोष्ट रोज मांडायला लागली तर ती सुटते. माझी शिवणाची मशीन बघ ना, माळ्यावर गेली ती गेलीच.”

हे त्यांचं म्हणणं मला या सगळ्या प्रकरणात फार मोलाचं वाटतं. घडी करून पलंगाखाली जाणारा ट्रेनर हा दुकानात मोठा गुण असतो. घरात त्याचा उलटा परिणाम होतो. चांगल्या डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनरचं (प्रकार पुढे सांगते) वजन पंधरा-वीस किलोपर्यंत जातं. तो ओढून काढायचा, सायकल लावायची, वायरी जोडायच्या, मग परत आवरायचं, यात वीस मिनिटं जातात. आणि आपल्याकडे सकाळी पाऊणच तास असतो.

*

ड्राय बाल्कनी पुष्कळांच्या मनात येते. पाण्याला वाट असते, फरशी पुसायला सोपी, घरातल्यांची ये-जा नसते. पण ती बहुधा तीन-चार फूट रुंद, त्यात वॉशिंग मशीन, आणि वर दोऱ्यांवर कपडे. कपडे ओले असले तर तिथली हवा आणखी ओली. मशीन दुसरीकडे हलणार असेल तरच विचार करावा.

पुढची गॅलरी वाऱ्याला उत्तम, पावसात निरुपयोगी. तिरपी सर आली की पंखा, वायर, लॅपटॉप सगळं भिजतं. गच्ची पहाटे फार छान. मात्र सोसायटीची परवानगी, विजेचा पॉइंट आणि सायकल रोज वर नेणं ही तिन्ही जमली पाहिजेत. स्टिल्ट पार्किंगमध्ये हवा भरपूर आणि डासही भरपूर.

*

खालच्या मजल्याचा विचार जागा पक्की करण्याआधी करायचा. मी नवऱ्याला वर पेडल मारायला बसवलं आणि खाली काकूंकडे गेले. हॉलमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. मागच्या खोलीत गेल्यावर कळलं. पंख्याचा आवाज नाही, चेनचा नाही. भिंतीतून येणारी एक बारीक गुरगुर होती, आणि काकूंच्या काचेच्या कपाटात लोणच्याच्या दोन बरण्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या होत्या त्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. काकू म्हणाल्या, “अगं, दिवसा काही वाटत नाही. पण पहाटे पाचला हे ऐकू आलं तर माणूस उठून बसेल.”

हवेतून येणारा आवाज वेगळा आणि स्लॅबमधून उतरणारी कंपनं वेगळी. ट्रेनरच्या जाहिरातीत डेसिबलचा जो आकडा असतो तो पहिल्याचा. शेजाऱ्यांचं भांडण दुसऱ्याशी असतं. स्लॅब मधोमध सर्वांत जास्त हलतो आणि तुळईच्या, भिंतीच्या जवळ सर्वांत कमी. म्हणून सायकल खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईच्या बाजूला सरकवली. खाली जाड रबरी मॅट घातली, तिच्याखाली जुनी सतरंजी दुमडून. त्यानंतर परत काकूंकडे जाऊन ऐकलं. बरण्या गप्प होत्या.

यापुढची पायरी म्हणजे सुताराकडून प्लायचे दोन तुकडे कापून घ्यायचे आणि मध्ये टेनिसचे चेंडू बसवायचे. वरचा प्लाय थोडा डुलतो, कंपनं चेंडूंत मरतात, आणि सायकल जराशी डावी-उजवीकडे कलत राहते. हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा. त्याबद्दल पुढे.

*

ट्रेनरचे प्रकार थोडक्यात, कारण यावर माहिती सगळीकडे मिळते.

रोलर म्हणजे तीन दंडगोल, त्यांवर सायकल मोकळी ठेवायची आणि तोल सांभाळत चालवायची. पायांचं वळण यावर जसं सुधारतं तसं दुसऱ्या कशावर नाही. नवशिक्यांनी ते दाराच्या चौकटीत ठेवावेत, दोन्ही बाजूंना हात टेकायला आधार मिळतो.

व्हील-ऑन प्रकारात मागचं चाक तसंच राहतं आणि टायर एका रोलरवर घासतो. स्वस्त आणि सुरुवातीला पुरेसा. साधा टायर यावर तापून झिजतो, खाली काळा भुगा पडतो, म्हणून ट्रेनरचा वेगळा टायर घालावा. टायरमधली हवा आणि रोलरचा दाब दर वेळी सारखाच ठेवावा, नाहीतर कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर येते. आवाज कमी, आकडे भरवशाचे. घेण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या : आपल्या सायकलचा मागचा अ‍ॅक्सल कोणत्या मापाचा आहे आणि कॅसेट किती स्पीडची. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर किंवा दुमडलेला पुठ्ठा घालून ठेवावा. येता-जाता कोणी ब्रेक दाबला तर पिस्टन आत मिटतात आणि मग चाक बसत नाही.

*

मुलं. फिरणारी चेन आणि कॅसेट, फिरणारं चाक यांत बोट गेलं तर परिणाम भयंकर असतो, आणि ट्रेनरवरची सायकल थांबवायला रस्त्यावरच्यापेक्षा वेळ लागतो, कारण आतलं जड फ्लायव्हील फिरतच राहतं. कानात इअरफोन असले तर रांगतं मूल मागून आलेलं कळत नाही. घरात लहान मूल असेल तर खोलीच्या दाराला कमरेएवढं फाटक लावा : हवाही जाते, मूलही थांबतं. यात तडजोड नको.

*

वीज. ओले हात आणि विजेचा बोर्ड एकमेकांपासून दूर. एक्स्टेन्शन बोर्ड सायकलच्या खाली कधीच नको, घाम नेमका तिथे पडतो. बोर्ड मागे, भिंतीला, जमिनीपासून वर टांगलेला. घरात इन्व्हर्टर असेल तर पंखा त्याच्या लाइनवर घ्यावा. वीज गेली की बरेच स्मार्ट ट्रेनर एकदम हलके होतात, पाय मोकळे फिरायला लागतात, तेवढं सावरता येतं. वारा गेला तर मात्र पाच मिनिटांत उतरावं लागतं.

*

घामातलं मीठ सायकल खातं. रस्त्यावर घाम वाऱ्याने मागे उडतो किंवा अंगावरच वाळतो. घरात तो सरळ खाली, हँडलच्या मधोमध, वरच्या नळीवर, हेडसेटवर टपकतो. स्टेमच्या बोल्टकडे पावसाळ्यात एकदा जवळून बघा. एलन-की जिथे घालतो त्या षट्कोनी खळग्यात आधी पांढरी कड येते, मिठाची. ती पुसली नाही तर तळाशी मोहरीएवढा तांबूस ठिपका दिसतो. पुढे खळग्याच्या कडा गोल होतात, की फिरते, बोल्ट फिरत नाही, आणि मग तो ड्रिल करून काढावा लागतो. हँडलच्या टेपखाली तर काहीच दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, आतून खड्डे पडतात, आणि हे हँडल धरून आपण घाट उतरणार असतो.

उपाय साधे आहेत. हँडलपासून सीटपर्यंत पंचा पसरून बांधायचा. टर्किश टॉवेलपेक्षा पंचा चांगला : पातळ असतो, चटकन पिळता येतो, पावसातही वाळतो. उतरल्यावर आधी ओल्या फडक्याने सायकल पुसायची, मग कोरड्या. नुसत्या कोरड्याने मीठ पसरतं. बोल्टच्या खळग्यांत ग्रीसचं बोट. वर्षातून एकदा टेप काढून हँडल तपासायचं, आणि हेडसेट उघडायचं.

*

सीटवरचा त्रास. रस्त्यावर दोन तास आरामात बसणारी माणसं घरात चाळीस मिनिटांत चुळबुळ करतात. कारण बाहेर सायकल आपल्याखाली सतत हलते, खड्ड्याला आपण उठतो, वळणाला कलतो, सिग्नलला उतरतो. ट्रेनरला जखडलेली सायकल हलत नाही, सगळं वजन त्याच दोन हाडांवर त्याच जागी. दर दहा मिनिटांनी मिनिटभर उभं राहून पेडल मारावं. मघाच्या चेंडूंवरच्या प्लायचा उपयोग इथे होतो. आणि बायकांना एक सांगते, इथे दुखणं सहन करणं हा सरावाचा भाग नव्हे. सीटची रुंदी आणि मधला कट आपल्या हाडांच्या अंतराप्रमाणे निवडता येतो. चोळून जखम झाली तर ती बरी होईपर्यंत सायकल बंद.

*

सायकलच्या, पॅड शिवलेल्या दोन बिब शॉर्ट्स लागतातच. श्रावणात एक दीड-दीड दिवस वाळत नाही, आणि ओलसर पॅडवर बसणं म्हणजे त्वचेच्या आजाराला बोलावणं.

*

किती पाणी प्यावं हे ठरवायला वजनकाटा पुरतो. आधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करायचं. जेवढं वजन घटलं त्यात मधे प्यालेलं पाणी मिळवलं की घामाचा अंदाज आला : एक किलो म्हणजे एक लिटर. पंख्याची जागा बदलली, खिडकी उघडली, महिना बदलला की परत करून बघावं. माझा मे आणि जानेवारीचा घाम यांत दुपटीचा फरक येतो. प्यायला मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी किंवा कोकमचं आगळ घातलेलं चालतं. तास-सव्वा तासाच्या सरावाला यापेक्षा महाग काही लागत नाही.

*

२०१६ मधली मॅथ्यू हेमनची गोष्ट मी घरात सायकल लावणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ऑस्ट्रेलियाचा हा सायकलपटू फेब्रुवारीच्या शेवटी बेल्जियममधल्या शर्यतीत पडला आणि त्याचा हात मोडला. पॅरिस-रुबे एप्रिलमध्ये. दगडी रस्त्यांची ती शर्यत त्याची आवडती, आणि वय ३७. तो घरी ट्रेनरवर बसला, मोडलेला हात शिडीवर टेकवून. १० एप्रिलला रुबेच्या वेलोड्रोममध्ये त्याने टॉम बूनेनला मागे टाकून शर्यत जिंकली. बूनेन ती आधी चार वेळा जिंकलेला.

यातली शिडी मला फार आवडते. कोणी खास बनवलेलं उपकरण नव्हतं ते. घरात होती, उंची जमली.

*

२०२० च्या डिसेंबरात सायकलिंगच्या जागतिक संघटनेने पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. स्पर्धक आपापल्या देशांत, ट्रेनरवर. पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न. तो होता नौकानयनपटू, पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये नाव वल्हवून त्याने रौप्यपदक घेतलं. ऑस्ट्रेलियाचा जय वाइन ट्रेनरवरच्या निवड स्पर्धेतून व्यावसायिक संघात आला आणि २०२२ च्या स्पेनच्या व्हुएल्टात त्याने डोंगरातले दोन टप्पे जिंकले. बंद खोलीत तयार झालेलं हृदय, फुप्फुसं आणि मांड्या खऱ्या डोंगरावर चालतात, याबद्दल आता शंका घ्यायचं कारण नाही.

तरी समोर स्क्रीन हवाच असं नाही. झ्विफ्ट किंवा तत्सम अ‍ॅपमध्ये मजा येते, गटात चालवल्यासारखं वाटतं, ज्यांना एकटं कंटाळवाणं होतं त्यांनी जरूर घ्यावं. मी भिंतीवर कागद चिकटवते : दहा मिनिटं अंग गरम, मग आठ मिनिटं जोर, चार मिनिटं सैल, असं तीन वेळा. समोर घड्याळ. पंख्याच्या आवाजात कुमार गंधर्व नीट ऐकू येत नाहीत, म्हणून आकाशवाणीच्या बातम्या.

*

हे सगळं कशासाठी, तर बाहेरच्या रस्त्यासाठी. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला चाळीस. तेवढं अंतर घरात कोणी करू नये. रात्रीचा गारवा, अंगावर पाऊस, झोप, घाटात उतरताना ब्रेकवरचा हात, ढाब्यावर काय खावं याचा अंदाज, यातलं काहीही खोलीत शिकता येत नाही. खोलीत मिळतो तो पाया : आठवड्यात तीन-चारदा, ठरलेल्या जोराने, न चुकता.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर. यातले बहुतेक पेशाने डॉक्टर, हे लक्षात घेण्यासारखं आहे. वेळ मोकळा पडलेली माणसं नव्हेत ही.

*

बायकांसाठी ही जागा थोडी जास्त महत्त्वाची आहे. पहाटे पाचला घोडबंदर रोडला एकटीने निघायचं तर अंधार, अवजड गाड्या, मागून हळू होणारी एखादी मोटारसायकल, हे सगळं मोजूनच निघावं लागतं. गट मिळाला तर बरं, पण गटाची वेळ आणि मुलांच्या डब्याची वेळ एकच. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी लग्नानंतर, बाळंतपणानंतर सायकल सोडली ती ताकद नव्हती म्हणून नाही. घराबाहेर तीन तास काढणं त्यांना कोणी सोपं करून दिलं नाही. मागच्या खोलीत उभी असलेली सायकल रस्त्याचा प्रश्न सोडवत नाही, आणि रस्ता सुरक्षित करण्याची मागणी त्यामुळे कमी होता कामा नये. पण ती सायकल पाऊण तास देते, कुकरच्या शिट्ट्या मोजत का होईना. डोंबिवलीतल्या माझ्या मावसबहिणीने मूल सहा महिन्यांचं झाल्यावर डॉक्टरांना विचारून याच पाऊण तासांनी परत सुरुवात केली. तिच्याकडे साधा व्हील-ऑन ट्रेनर आहे, आणि दोन पंखे.

म्हणून घरातल्यांशी एकदा नीट बोलून घ्यावं : या वेळात दार उघडं असेल, पण हाक मारायची नाही. पुरुषांना हे न सांगता मिळतं.

*

पाऊस संपला की सायकल बाहेर काढण्याआधी : ब्रेक पॅडमधला पुठ्ठा काढायचा. मागचं चाक बसवून ते मोकळं फिरतंय का, डिस्क घासतेय का ते बघायचं. ट्रेनरचा टायर घातला असेल तर तो उतरवायचा, ओल्या डांबरावर त्याला पकड नसते. स्टेमचे बोल्ट एकेक सैल करून, ग्रीस लावून, परत घट्ट. चेन ताणून बघायची, घरातले तासही तिला झिजवतात. समोरचा दिवा चार्ज. पहिल्या दिवशी येऊरला जाताना उतारावर सावकाश, कारण चार महिने हातांना ब्रेकची सवय राहिलेली नसते, आणि त्या दिवसांत वळणांवर शेवाळ असतं.